पॉइंट काढा, पण आधी ते नीट चालवा: जुन्या पेट्रोल गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी फटफट करायला लागली की कडेला घ्यायची, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप उघडायची, आतल्या पॉइंटमधून, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांतून, पॉलिश पेपरची पट्टी फिरवायची आणि पुन्हा निघायचं. जुन्या पेट्रोल गाड्यांचा हा ठरलेला कार्यक्रम. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं की तो बराचसा संपतो. पण किट मागवण्याआधी स्वतःलाच विचारा, आज तुमची गाडी पॉइंटवर नीट चालते का? चालत नसेल तर किटला हात लावू नका. अजून तरी नको.

कारण असं की गाडी मिसिंग करते तेव्हा दोष पॉइंटचाच असतो असं नाही. डेल्कोचा बुश झिजलेला असतो, ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग तुटलेली असते, इग्निशन स्विच आतून जळलेला असतो, कधी कार्बुरेटरमध्ये कचरा असतो. यातलं काहीही किट दुरुस्त करत नाही. उलट किट बसवून गाडी चालली नाही, तर जुना बिघाड शोधायचा की नवीन जोडणीतली चूक, हेच कळेनासं होतं. नव्याने हे काम करणारे बहुतेक जण इथेच अडकतात आणि चांगलं किट खराब म्हणून परत पाठवतात.

कोणत्या गाड्यांसाठी

इथे सांगितलेली पद्धत १२ व्होल्टची बॅटरी, इग्निशन कॉइल आणि डेल्को असलेल्या गाड्यांची आहे: प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल अँबॅसडर, पेट्रोल जीप, सुरुवातीच्या काळातली पॉइंटवाली मारुती ८००. आपल्याकडे, पाटणपासून जतपर्यंत, ज्या जीप दिसतात त्यातल्या बहुतेक डिझेल आहेत. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे तिथे हा विषय संपला. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचं किट चालत नाही. एक तर ६ व्होल्टचं वेगळं किट घ्या, नाही तर आधी सगळी गाडी १२ व्होल्टवर आणा.

दुचाकीचं थोडक्यात. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असतात, म्हणजे तत्त्व हेच, फक्त सिलिंडर एक. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला तिथे हेडलाइटवरचा अँपिअर मीटरच कामाला येतो. चावी ऑन ठेवून इंजिन हळू फिरवलं की पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो आणि उघडताच शून्यावर परततो. मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरचं मात्र काम निराळं. तिथे नुसतं मॉड्यूल (किटमधला, पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बसत नाही. आतली कॉइल प्लेट, फ्लायव्हील आणि सीडीआय असा अख्खा संच बदलावा लागतो. ते इथे घेतलेलं नाही.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. हा शब्द आपल्या गॅरेजांत इतका मुरला आहे की तो एका कंपनीचं नाव आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांचा झाला डेल्को. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही आपल्या गाडीतली रचना केटरिंग यांचीच.

पॉइंट नेमके कुठे मार खातात

चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमवर असताना सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीला जायला तीन तास आणि सरासरी २,५०० आरपीएम धरा. तेवढ्यात पॉइंट नऊ लाख वेळा उघडझाप करतात. दर वेळी त्यांच्यातून कॉइलचा साधारण ४ अँपिअर करंट तुटतो आणि तुटताना दोन्ही टोकांमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्टचा झटका येतो. तो झटका कंडेन्सर झेलतो, पण थोडी ठिणगी पडतेच आणि पॉइंटचं तोंड जळत जातं.

त्यातच पॉइंटची फायबरची टाच कॅमवर (डेल्कोच्या शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) घासून झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. गाडी एका दिवसात बिघडत नाही, रोज थोडी मंद होत जाते. चालवणाऱ्याला त्याची सवय होते, आणि एक दिवस शेजारचा गाडी चालवून बघतो आणि म्हणतो, ‘अहो, ही ओढतच नाही!’ इलेक्ट्रॉनिक किटचा खरा फायदा या घसरणीला आळा घालण्यात आहे. टायमिंग लावलं की लावलेलं राहतं. ताकद वाढते, ॲव्हरेज दुप्पट होतं, असल्या जाहिरातीवर जाऊ नका. नव्या पॉइंटवर, अचूक गॅपवर चालणाऱ्या गाडीपेक्षा किटवाली गाडी रोजच्या वेगाला फारशी वेगळी धावत नाही. ती वर्षानंतरही तशीच धावते, एवढाच फरक.

आधी पॉइंटवर गाडी ताळ्यावर आणा

नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर घाला. जुने पॉइंट टाकण्याआधी त्यांचं तोंड उजेडात धरून बघा. एका बाजूला बारीक उंचवटा आणि समोरच्या बाजूला खड्डा दिसला तर धातू एकीकडून दुसरीकडे गेला आहे. हे बहुधा कंडेन्सरचं काम. तोंड निळसर-काळं पडलं असेल तर तेल किंवा ग्रीस चढलेलं असतं, किंवा करंट प्रमाणाबाहेर वाहिलेला असतो.

गॅप तुमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. १,४८९ सीसीच्या जुन्या अँबॅसडर इंजिनाला ०.३६ ते ०.४० मि.मी., पेट्रोल जीपच्या हरिकेन इंजिनाला ०.५० मि.मी. आता फिलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) गॅप कॅमच्या चारही उंचवट्यांवर मोजा. हे कुणी करत नाही, आणि किट लावायचं की नाही हे ठरतं याच मोजणीवर. चार मापांत ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर डेल्कोची शाफ्ट डुलते आहे. रोटर (कॅपखाली शाफ्टवर फिरणारा तुकडा) बोटांत धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर बुश गेला. सांगली, मिरज, कुपवाडकडे लेथवाल्यांना तोटा नाही. शाफ्ट मोजून नवा ब्राँझचा बुश करून मिळतो. डुलणाऱ्या शाफ्टवर किट बसवलं तर चुंबक आणि मॉड्यूलमधलं अंतरही तसंच डुलतं. दोष थोडा झाकला जातो, एवढंच.

मग रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेला बोटाने पिळा आणि सोडा. तो टचकन मागे यायला हवा. रेंगाळला किंवा आलाच नाही तर बेस प्लेटखालच्या (पॉइंट ज्यावर बसतात त्या पत्र्याखालच्या) ॲडव्हान्सच्या वजनांवर जुनं ग्रीस चिकटलं आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन, वाळवून, खिळांवर तेलाचा एकेक थेंब द्या. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असेल तर त्याची नळी कार्बुरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने नळीचं तोंड बंद करा. बेस प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. लगेच परतली तर आतला पडदा फाटला आहे.

आता मल्टिमीटर. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी ऑन करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं कॉइलच्या प्लसला लावा. बॅलस्ट (कॉइलच्या आधी लावलेला रेझिस्टन्स) नसलेल्या गाडीत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट स्विच, फ्यूजबॉक्स आणि जुन्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकांच्या धातूच्या जोडण्यांत) मरत आहेत. कॉइलच्या मायनसपासून अर्थपर्यंत (गाडीच्या बॉडीपर्यंत) ०.२ व्होल्टच्या आत असावं. पहिलं माप बिघडलं असेल तर सगळी वायरिंग न उचकता एक ३० अँपिअरचा रिले बसवा. ३० नंबरच्या पिनला बॅटरीची थेट वायर, वाटेत १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून कॉइलचा प्लस, ८६ ला आधी कॉइलला येणारी चावीची वायर, ८५ अर्थ. जुन्या गाडीत नुसत्या या रिलेने सकाळचं स्टार्टिंग सुधारतं, आणि काही जणांना मग किटची गरजच वाटत नाही. (पण ज्या गाडीत बॅलस्ट आहे तिथे हा रिले बॅलस्टच्या आधी, चावीच्या बाजूला.)

एवढं करून गाडी आठ-पंधरा दिवस चालवा. थंड असताना एका सेल्फात उठते, गरम झाल्यावरही आयडलिंग धरते, चढावर मिसिंग नाही: आता किट मागवा.

कोणतं किट घ्यायचं

तीन प्रकार समजून घ्या. पहिल्यात पॉइंट तसेच राहतात, पण कॉइलचा मोठा करंट बाहेरच्या ट्रान्झिस्टर बॉक्समधून जातो आणि पॉइंटमधून फक्त इशाऱ्यापुरता थोडा. तोंड जळणं थांबतं, टाच झिजणं थांबत नाही. दुसऱ्यात पॉइंट आणि कंडेन्सर पूर्ण निघतात. कॅमवर चुंबकांची कडी बसते आणि पॉइंटच्या जागी हॉल सेन्सरचं, म्हणजे समोरून जाणारं चुंबक ओळखणारं, मॉड्यूल. हे सगळं कॅपच्या आत मावतं. तिसऱ्यात संपूर्ण डेल्कोच बदलतो. नवख्याने दुसरा प्रकार घ्यावा. पुढच्या पायऱ्या त्याच्याच.

किट मागवताना ‘फियाटचं द्या’ असं सांगू नका. एकाच गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे डेल्को लागले आहेत, आणि मधल्या वीस वर्षांत कुणी काय बदललं ते देव जाणे. डेल्कोच्या अंगावर ठोकलेला किंवा पट्टीवर छापलेला नंबर कापडाने पुसून वाचा, फोटो काढा आणि त्या नंबरवर किट मागवा. रोटर कोणत्या दिशेला फिरतो हेही लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट अर्थची. ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असू शकतो. बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत लावलं की चावी फिरवताच जातं, आणि त्याची वॉरंटी कुणी देत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त मॉड्यूल मारणारी, कॉइल. कॉइलच्या दोन्ही वायर काढून प्लस आणि मायनसमधला प्रायमरी रेझिस्टन्स मोजा; मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जे दिसेल ते वजा करा. ४ सिलिंडरला लागणारी पर्ट्रॉनिक्स कंपनीच्या इग्निटरसारखी साधी किटं किमान ३ ओहम मागतात. १२ व्होल्टला ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर. बॅलस्टसोबत चालणारी कॉइल दीड ओहमची असते. ती बॅलस्टशिवाय लावली तर ८ अँपिअर. मॉड्यूल आणि कॉइल दोन्ही तापतात आणि कधी तरी भर दुपारी दगा देतात. कॉइल दीड ओहमची निघाली तर ३ ओहमची कॉइल घेणं सोपं. जुनी कॉइल ठेवायचीच असेल तर बॅलस्ट कॉइलच्या प्लसच्या आधी राहू द्या, पण मॉड्यूलची लाल वायर बॅलस्टच्या आधीच्या टोकाला, पूर्ण १२ व्होल्टवर जोडा. बॅलस्ट म्हणजे बहुधा पांढऱ्या चिनी मातीचा लांबट ठोकळा. तो नसला आणि तरीही पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसला ६ ते ८ व्होल्टच दिसले, तर वायरिंगमध्येच रेझिस्टन्सची वायर ओवलेली असू शकते. स्विचपासून मॉड्यूलच्या लाल वायरीला (आणि ३ ओहमची कॉइल घेतली असेल तर तिलाही) नवी वायर ओढा.

प्लगच्या वायरीही बघा. तांब्याच्या तारेच्या साध्या हायटेन्शन वायरी आणि साधे प्लग एकत्र असले की निर्माण होणारी खरखर मॉड्यूलला गोंधळात टाकते. रेझिस्टन्सवाल्या वायरी घाला, किंवा आर अक्षराचे प्लग: बीपी६ईएस ऐवजी बीपीआर६ईएस. दोन्हीपैकी एक पुरे.

बसवायचं काम

लागणारं सामान: फिलर गेज, मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, टायमिंग लाइट, चुंबकाच्या टोकाचा छोटा पेचकस, चांगली थिंबल दाबायची पकड, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी, खडू, आणि खाली पसरायला जुनं धोतर किंवा चादर. शेवटची वस्तू गंमत म्हणून लिहिलेली नाही. पॉइंटचे स्क्रू इवलेसे असतात आणि बेस प्लेटच्या भोकातून थेट वजनांवर पडतात. पडले तर डेल्को बाहेर काढावाच लागतो.

सगळ्यात आधी इंजिन एक नंबरच्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर आणा. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, हँडलने किंवा टॉप गिअरला गाडी ढकलून इंजिन फिरवा. हवा अंगठा उचलायला लागली की पुलीवरची खूण टायमिंगच्या पट्टीसमोर येईपर्यंत हळू न्या. कॅप उघडून रोटर कोणत्या वायरकडे बघतो ते तपासा. तीच एक नंबर. पद्मिनी, अँबॅसडर आणि पेट्रोल जीप या तिघींचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२ आहे, मारुती ८०० चा १-३-२. कॅपचे वरून आणि आतून फोटो घ्या. डेल्कोचं अंग आणि इंजिन ब्लॉक दोन्हींवर मिळून एक सरळ ओरखडा मारा आणि शेजारी ‘पॉ’ लिहा. ही पॉइंटची जागा. ती पुढे कामाला येणार आहे.

बॅटरीची अर्थची वायर काढा. रोटर ओढा, पॉइंट आणि कंडेन्सर काढा. आत एक छोटी, विणलेल्या तांब्याची अर्थ वायर दिसेल, बेस प्लेटपासून डेल्कोच्या अंगापर्यंत गेलेली. तिला जपा. ती तुटलेली असेल तर मॉड्यूलला अर्थ मिळतो तो प्लेटच्या फिरत्या सांध्यातून, आणि व्हॅक्यूमने प्लेट सरकली की करंट क्षणभर तुटतो. मग ॲक्सिलरेटर दाबला की झटका, सोडला की ठीक, असा विचित्र बिघाड होतो आणि सगळे कार्बुरेटर उघडत बसतात. शंका असेल तर ही वायर नवीच टाका, मऊ आणि थोडी सैल.

प्लेट पुसून कोरडी करा आणि मॉड्यूल बसवा. किटसोबत आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू प्लेटच्या आरपार जाऊन खालच्या वजनांना अडतो. अर्धा ॲडव्हान्स तिथेच मरतो. चुंबकाची कडी कॅमच्या उंचवट्यांवर बरोबर बसवून तळापर्यंत दाबा. वर रोटर घाला. रोटर आधी जेवढा खाली बसत होता तेवढाच बसला पाहिजे. तो दोन मि.मी. वर राहिला आणि तशीच कॅप लावली, तर पहिल्याच सेल्फला रोटर किंवा कॅप, दोघांपैकी एक फुटतं. कडी आणि मॉड्यूलमधलं अंतर किटच्या प्लास्टिक पट्टीने लावा. सर्वसाधारणपणे ते ०.७५ मि.मी. असतं. धातूचा फिलर गेज चुंबकाला चिकटतो आणि खोटं माप देतो. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून कुठे घासत नाही हे बघा.

वायरी बाहेर काढताना रबर ग्रोमेट नीट बसवा आणि आत एवढी ढील ठेवा की व्हॅक्यूमने प्लेट सरकली तरी वायर ताणली जाणार नाही. पण एवढी नको की ती रोटरखाली जाईल. मॉड्यूलच्या वायरी दोनच: लाल कॉइलच्या प्लसला (बॅलस्ट ठेवला असेल तर वर सांगितल्याप्रमाणे त्याच्या आधीच्या टोकाला), काळी मायनसला. कॉइलवर प्लस-मायनस नसून एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतील तर निगेटिव्ह अर्थच्या गाडीत एसडब्ल्यू म्हणजे प्लस. वायर पिळून टेप गुंडाळण्याचा देशी प्रकार इथे चालत नाही. थिंबल दाबा, वर नळी चढवा. जुना कंडेन्सर कॉइलच्या मायनसला लटकत ठेवू नका.

बॅटरी जोडण्याआधी लाल आणि काळी एकदा पुन्हा बघा. उलटी झाली तर मॉड्यूल तिथल्या तिथे संपतं.

टायमिंग

डेल्को हलवलाच नाही, मग टायमिंग तेच असेल, असं समजू नका. मॉड्यूल कॅमकडे पॉइंटपेक्षा वेगळ्या जागेवरून बघतं, म्हणून ठिणगीचा क्षण काही अंश इकडेतिकडे सरकतोच.

आधी ढोबळ. इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणा. पेट्रोल जीपच्या हरिकेनला टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येण्याच्या) आधी ५ अंश, बाकीच्यांना पुस्तकात असेल ते. टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनस आणि अर्थमध्ये लावा, चावी ऑन करा. डेल्कोचा बोल्ट सैल करून अंग रोटरच्या फिरण्याच्या दिशेला वळवा, दिवा विझेपर्यंत. मग उलट दिशेला अगदी सावकाश, दिवा नुकता लागेपर्यंत. तो ठिणगीचा क्षण. हे मिनिटाभरात उरका आणि चावी बंद करा, कारण इंजिन बंद असताना चावी ऑन राहिली की कॉइल तापत बसते. काही किटांत इंजिन थांबल्यावर करंट आपोआप तोडणारं सर्किट असतं. तिथे हा दिवा फसवतो आणि सरळ टायमिंग लाइटवर जावं लागतं.

गाडी सुरू करून गरम होऊ द्या, आयडलिंग पुस्तकाप्रमाणे लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं कार्बुरेटरकडचं तोंड बंद करा. पुलीवरच्या खुणेत खडू भरा, टायमिंग लाइटची क्लिप एक नंबरच्या वायरीला लावा. डेल्कोचं अंग रोटरच्या दिशेविरुद्ध वळवलं की टायमिंग पुढे जातं, दिशेने वळवलं की मागे. लाइटच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. तो थांबलेला नसतो. बाही, उपरणं, गळ्यातली साखळी, सगळं आधीच बाजूला.

मग रेस २,५०० पर्यंत न्या. खूण झटके न देता सरकत पुढे गेली आणि रेस सोडल्यावर परतली तर ॲडव्हान्स ठीक. खूण जागेवरच थरथरत असेल तर शाफ्टचा बुश किंवा टायमिंग चेन बघा. बोल्ट आवळा, पुन्हा एकदा तपासा (आवळताना हमखास अंशभर सरकतो), आणि या नव्या जागेवर दुसरा ओरखडा मारून ‘इ’ लिहा.

प्लगचा गॅप पहिले काही दिवस होता तोच ठेवा. नंतर ०.८ मि.मी.पर्यंत वाढवून बघायला हरकत नाही. त्याहून मोठा गॅप म्हणजे जुन्या कॅप आणि वायरींवर उगाच ताण.

चाचणीसाठी सपाट हायवे बिनकामाचा. साताऱ्याकडच्यांना यवतेश्वर, वाईकडच्यांना पसरणी घाट. इंजिन पूर्ण गरम असताना जरा वरच्या गिअरवर चढ धरा आणि ॲक्सिलरेटर दाबा. खडे वाजल्यासारखा टकटक आवाज आला तर टायमिंग दोनेक अंश मागे घ्या. आवाज नाही पण ओढ मंद आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतंय, तर ते आधीच मागे आहे. सांगलीकरांना घाट जवळ नाही. त्यांनी चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरला कमी वेगावरून जोरात ॲक्सिलरेटर द्यावा. तेवढ्याने कळतं.

काय बिघडतं

सेल्फ फिरतो पण गाडी उठत नाही. टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल काम करतं आहे. कॉइल, कॅप, रोटर बघा. दिवा नुसताच लागून राहिला तर सेल्फ मारतानाच लाल वायरवर किती व्होल्ट येतात ते मोजा. बॅटरी मेलेली असली की सेल्फच्या ओढीने व्होल्टेज आठ-नऊपर्यंत पडतं आणि मॉड्यूल जागंच होत नाही. याच बॅटरीवर पॉइंटवाली गाडी धक्क्याने उठली असती. किटवाल्या गाडीला चांगली बॅटरी लागतेच, याला इलाज नाही.

चावी सेल्फवर असताना उठते आणि सोडली की बंद पडते: इग्निशन स्विचचा चालू स्थितीतला संपर्क, किंवा बॅलस्ट तुटलेला.

तासाभराने बंद पडते, पंधरा मिनिटांनी गप उठते. सगळे मॉड्यूलला शिव्या देतात. बंद पडल्याबरोबर, गार होण्याआधी, प्लगला करंट (ठिणगी) येतो का ते बघा. करंट असेल तर दोष पेट्रोलचा. एप्रिलच्या उन्हात पंपात आणि पाइपात वाफ धरणं नवीन नाही. करंट नसेल तर कॉइलवर ओलं फडकं ठेवा. लगेच उठली तर कॉइल. नाही तर मॉड्यूल, आणि त्याआधी कॉइलचा रेझिस्टन्स पुन्हा एकदा.

सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं: टायमिंग फार पुढे आहे. हँडल मारू नका, मनगट जाईल.

मॉड्यूल मारायच्या हमखास रीती वेगळ्याच आहेत. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून गाणी ऐकणं. बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि मॉड्यूल न सोडवणं. बॅटरी उतरली म्हणून शेजारी उभ्या ट्रकची जंप केबल लावणं. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, ते आधी विचारा. आणि ‘चार्जिंग होतंय का बघू’ म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणं.

पावसाचं म्हणाल तर पाटण-महाबळेश्वरकडच्या गाड्यांचा त्रास किटने निम्माच कमी होतो. मॉड्यूल राळेत बंद असतं, त्याला दमट हवेचं फारसं काही नाही. पण कॅपच्या आत बाष्प धरलं की ठिणगी कडेने पळते, आधी पळत होती तशीच. कॅप आतून पुसा, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेष दिसली तर ती कॅप बदला. घासून ती जात नाही. सांगलीत २००५ आणि २०१९ ला झालं तसं पुराचं पाणी डेल्कोपर्यंत चढलं असेल, तर चावीला हात न लावता आधी बॅटरी सोडवा. तेल बदलून, कॅप, डेल्को, सगळी थिंबल उघडून वाळवल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.

डिकीतला डबा

काढलेले पॉइंट फेकू नका. एका प्लास्टिकच्या डब्यात पॉइंट, कंडेन्सर, त्यांचे मूळ स्क्रू, बिजागरीचा वायसर, गॅपच्या मापाचं एक फिलर पान आणि छोटा पेचकस ठेवा. जुन्या बाजारात तुमच्या डेल्कोची दुसरी बेस प्लेट मिळाली तर त्यावर पॉइंट आधीच बसवून ठेवता येतात. किटचं मॉड्यूल सातारा-सांगलीच्या दुकानांत हमखास मिळेलच असं नाही. रविवारी संध्याकाळी कोयनेच्या रस्त्यावर तर नाहीच.

वाटेत मॉड्यूल गेलं, तर चुंबकाची कडी आणि मॉड्यूल काढा, पॉइंट आणि कंडेन्सर बसवा, टाच उंचवट्यावर असताना फिलरचं पान सरकेल एवढा गॅप लावा, पॉइंटची वायर कॉइलच्या मायनसला जोडा, डेल्को ‘इ’वरून ‘पॉ’च्या ओरखड्यावर वळवून बोल्ट आवळा. सरावाच्या हाताला वीस मिनिटं लागतात. नवख्याने हे एकदा घरी, उजेडात, चहाचा कप बाजूला ठेवून करून बघावं. त्यात काय हरवतं आणि कोणता पेचकस पोहोचत नाही ते तेव्हाच कळतं.